मिनिटाचा दर की शब्दाचा?

नाशिकमध्ये घरबसल्या सबटायटलचं भाषांतर सुरू करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो, पैसे व्हिडिओच्या मिनिटावर घ्यावेत की शब्दांवर?

मिनिटाचा दर सोपा वाटतो, पण तो आंधळा आहे. निफाडच्या द्राक्षबागांवरचा माहितीपट घ्या. कॅमेरा वेलींवरून फिरतो, मिनिटाला जेमतेम ५० शब्द. गंगापूर रोडवरच्या स्टुडिओतली मुलाखत मात्र सहज १४० वर जाते. ४० मिनिटांचे शब्द झाले २,००० आणि ५,६००. मोबदला तेवढाच!

शब्दाच्या दरात ही तफावत मिटते. पण शब्द मूळ भाषेतले मोजायचे, हे आधीच लिहून घ्या. इंग्रजीतले पाच शब्द, ‘इन द हाउस ऑफ राम’, मराठीत ‘रामाच्या घरात’ असे दोनच होतात, कारण आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. शिवाय सबटायटल वाचायला वेळ पुरावा म्हणून मजकूर आटोपशीर करावा लागतो. मराठी शब्द मोजले, तर नेमक्या त्याच कसबाचे पैसे कापले जातात.

टायमिंगचे, म्हणजे प्रत्येक ओळ पडद्यावर कधी येणार-जाणार ते लावण्याचे कष्ट मात्र शब्दांत मोजलेच जात नाहीत. म्हणून वेळा लावलेली फाइल मिळणार असेल तर शब्दाचा दर, टायमिंगही आपल्याकडे असेल तर मिनिटाचा, असं माझं स्पष्ट मत आहे. आकडा सांगण्याआधी त्याच व्हिडिओची १० मिनिटं स्वतः करून बघा. त्याला दोन तास लागले आणि तासाला २०० रुपये हवे असतील, तर मिनिटाला ४० रुपये. त्याखाली उतरू नका, ‘नवीन आहात ना’ असं कुणी म्हटलं तरी.