रक्तदात्यांची मलेरिया तपासणी: स्लाइड, कार्ड की पीसीआर?

पुण्यातल्या मध्यम आकाराच्या रक्तपेढीने मलेरियासाठी काय ठेवावं, यावर आमचं मत आधीच सांगतो: रक्ताच्या प्रत्येक बॅगेला कार्ड (रक्ताच्या थेंबावर पटकन निकाल देणारी रॅपिड चाचणी), शंका आली की जाड स्मिअर (काचेच्या स्लाइडवर रक्ताचा जाड थर देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), आणि दोन्हींच्या आधी नीट विचारलेले प्रश्न. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिसप्रमाणे मलेरियाची चाचणीही प्रत्येक युनिटला बंधनकारकच आहे. निवड उरते ती पद्धतीची.

स्लाइड स्वस्त पडते, जंतूची जात आणि संख्या दोन्ही दाखवते, आणि सरावलेली नजर मायक्रोलिटरला ५० किंवा त्याहून कमी जंतूही पकडते. साधारण ६ मायक्रोलिटर रक्त १२ मिमीच्या वर्तुळात पसरवायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि मिथेनॉल लावायचं नाही. लावलं की तांबड्या पेशी फुटत नाहीत आणि जाड थरातलं काही दिसत नाही. मग जंतू दिसावेत म्हणून १० टक्के गिम्सा रंग १०-१५ मिनिटं, पाण्याचा पीएच ७.२. पावसाळी हवेत थर वाळायला वेळ लागतो म्हणून कुणी गरम दिव्याखाली स्लाइड धरली, तर उष्णतेनेही थर तसाच पक्का होतो. खरी अडचण वेळेची. एका स्लाइडची १०० फील्ड (सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारा भाग) बघायला सहा मिनिटं धरली तरी शंभर दात्यांच्या शिबिराला दहा तास लागतात, आणि थकलेल्या डोळ्याला रंगाचे कण आणि जंतू सारखेच दिसू लागतात.

कार्डाला बहुधा ५ मायक्रोलिटर रक्त आणि किटमध्ये सांगितलेले बफरचे थेंब लागतात. निकाल १५-२० मिनिटांत. मलेरियाच्या जंतूंपैकी फक्त फाल्सिपेरम ही जात दाखवणारं कार्ड घेऊ नका, व्हायवॅक्स ही जातही दिसायला हवी. कार्डाची मर्यादा मायक्रोलिटरला १०० ते २०० जंतू. उशिरा वाचलं तर खोटी फिकट रेघ उमटते. कार्ड शोधतं ते फाल्सिपेरमचं एचआरपी-२ प्रथिन उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहतं, त्यामुळे बऱ्या झालेल्याचंही कार्ड पॉझिटिव्ह येऊ शकतं. एप्रिल-मेमध्ये शिबिराच्या गाडीत किट तापलं तर जंतू दाखवणारी टेस्ट रेघ कमजोर होते आणि कार्ड चाललं एवढंच सांगणारी कंट्रोल रेघ मात्र छान उमटते. म्हणून प्रत्येक नव्या लॉटवर एक माहितीतला पॉझिटिव्ह नमुना चालवून बघाच.

पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) याहून कितीतरी संवेदनशील, पण त्याला यंत्रणा आणि तास लागतात; पाच दिवस टिकणाऱ्या प्लेटलेट रोज त्यासाठी थांबवता येत नाहीत. अँटिबॉडी चाचणी (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं शोधणारी) आपल्याकडे जुना मलेरिया झालेल्यांनाही परत पाठवेल.

प्रश्न इतके महत्त्वाचे का, ते हिशेबातून कळतं. ३५० मिलीच्या बॅगेत साडेतीन लाख मायक्रोलिटर रक्त. प्रत्येकात ५० जंतू असले तर कार्ड निगेटिव्ह येऊ शकतं आणि बॅगेत पावणेदोन कोटी जंतू असतात. फ्रिजमध्येही ते आठवडाभराहून जास्त जगतात.

गणेशोत्सवातली शिबिरं पावसाळ्यातच येतात. तिथे ‘मलेरिया झाला होता का?’ एवढं विचारून भागत नाही. तापाला लोक ‘व्हायरल’ म्हणून मोकळे होतात. तीन महिन्यांत थंडी वाजून ताप आला का, रक्त तपासलं का, गोळ्या कोणत्या आणि किती दिवस घेतल्या, गडचिरोली, छत्तीसगड, ओडिशाकडे किंवा मुंबईला राहून आलात का, हे एकेक विचारा. हिंजवडी-चाकणच्या कंपन्यांत तर गावाहून नुकते परतलेले बरेच असतात. पूर्ण बरं झाल्यावर तीन महिने थांबणं हा नियम. व्हायवॅक्समध्ये मात्र ताप उतरला की यकृतातले जंतू मारणारं १४ दिवसांचं प्रायमाक्विन हे औषध अर्धवट सोडलं जातं. यकृतातले सुप्त जंतू महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतात. कोर्स अपुरा असेल तर तीन महिने मोजत बसू नका, दात्याला आधी डॉक्टरकडे पाठवा.

कार्ड पॉझिटिव्ह आलं तर त्या रक्ताचे सगळे घटक लगेच बाजूला काढा आणि त्याच नमुन्याचा जाड स्मिअर करा. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत रक्त तासन्‌तास राहिलं की जंतूंचा आकार बिघडतो, म्हणून वेळ घालवू नका. स्मिअर निगेटिव्ह आला तरी बॅग वापरायची नाही. दात्याला त्याच दिवशी, एकट्याला गाठून सांगा आणि उपचाराला पाठवा.