एस्टीमला बुटक्या स्प्रिंगा: उन्हाळा, पावसाळा आणि कोकण झाल्यावर

मारुती एस्टीम १९९४ ला आली, २००७ ला बंद झाली. अजून ती रोज चालवणारे आम्ही मोजके लोक उरलोय. १२९८ सीसीचं इंजिन आणि हलकी बॉडी, त्यामुळे पळायला आजही मजा येते. फक्त घाटात वळणावर गाडी भारी कलते, आणि वीस वर्षांच्या स्प्रिंगा बसल्या की ते आणखी वाढतं. स्प्रिंगा बदलायच्याच होत्या, म्हणून मूळ मापाच्या न घेता गाडी ३० मिमी खाली येईल अशा बुटक्या करून घेतल्या. गाडी कोल्हापुरात रोजच्या कामाला, अधूनमधून आंबा घाटातून रत्नागिरीला, कधी पुण्याला. त्या हिशेबाने वाचा.

जुन्या गाडीत पहिला घोळ मापाचाच असतो. ३० मिमी खाली, पण कशापासून? माझी पुढची ड्रायव्हरची बाजू आधीच चांगली खाली बसलेली होती, मागची डावी त्यामानाने वर. आहे त्या उंचीवरून मोजून स्प्रिंगा केल्या असत्या तर गाडी रस्त्याला टेकली असती. म्हणून कंपनीची मूळ उंची धरली. माप घेताना जमिनीपासून घेऊ नका, टायरच्या हवेने फरक पडतो. चाकाच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या, सपाट फरशीवर, टाकी अर्धी भरलेली असताना. चारही आकडे लिहून ठेवा.

बहुतेक गॅरेजांत पहिला सल्ला मिळतो तो वेढा कापायचा. दाबल्यावर हलणाऱ्या सहा वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग साधारण २० टक्के कडक होते, हे खरं. म्हणजे कल्पना अगदीच वेडगळ नाही. पण कापलेलं टोक कपात, म्हणजे स्प्रिंगच्या बैठकीत, नीट बसत नाही, आणि गॅसने कापलं तर त्या भागातलं पोलादाचं पाणीच उतरतं, म्हणजे पोलाद मऊ पडतं. शिवाय चाक मोकळं लटकलं की आखूड स्प्रिंग जागेवरून सुटते. खड्ड्यातून बाहेर पडताना येणारा तो ‘खट्ट’ आवाज बहुतेक वेळा याचाच. परदेशातल्या याच पिढीच्या स्विफ्ट हॅचबॅकचं किट शोधण्यातही अर्थ नाही. तिचं मागचं वजन वेगळं.

उरला मार्ग ऑर्डर देऊन वळवून घेण्याचा. इथे वायरची जाडी सगळ्यात महत्त्वाची, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ११ मिमीची वायर ११.५ केली की बाकी सगळं तेच ठेवूनही स्प्रिंग १९ टक्के कडक. १२ केली तर ४० टक्क्यांच्या वर. नुसतं ‘जरा जाड घाल’ असं सांगून येणारे लोक नंतर कंबर धरून बसतात, ते यामुळेच. दुसरीकडे उंची कमी करून कडकपणा जुनाच ठेवला, तर चाकाला वर जायला ३० मिमी कमी जागा उरते आणि प्रत्येक खड्ड्यात शॉकअप रबरावर आपटतो. म्हणून मी पुढे साधारण २० टक्के वाढ घेतली, मागे त्याहून थोडी जास्त, कारण गाडीत माणसं आणि सामान मागेच वाढतं. बंप स्टॉपचं रबरही, म्हणजे शॉकअप ज्यावर आपटतो ते, थोडं आखूड केलं.

५० मिमीचा मोह अनेकांना होतो, फोटोत छान दिसतं. पण पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात, आणि चाकाला खालून धरणारा एक आर्म. गाडी फार उतरवली की खालच्या आर्मचं चाकाकडचं टोक वर उचललं जातं, आणि वळणात गाडी कमी कलायच्या ऐवजी जास्त कलायला बघते. मग ते झाकायला आणखी कडक स्प्रिंग. स्टीअरिंगच्या टायरॉडचा (चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कोनही बिघडतो, खड्ड्यात गाडी आपोआप बाजूला ओढते. ३० ते ३५ च्या पुढे जाण्यात मला तरी काही हशील दिसत नाही.

बसवताना एक गोष्ट मिस्त्रीकडून उभं राहून करून घ्या. खालच्या आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबरी नळीचे) बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावरच आवळायचे. नाहीतर बुशचं रबर कायम पीळ खात राहतं आणि लवकर फाटतं. शॉकअप चारही नवे घ्या. कडक स्प्रिंगेवर थकलेला शॉकअप म्हणजे गाडी झोपाळ्यासारखी डुलणार.

पहिल्या काही आठवड्यांत स्प्रिंगा चारेक मिमी बसल्या, मग थांबल्या. अलाइनमेंट त्यानंतर पुन्हा केलं, कारण उंची बदलली की टो (वरून पाहिल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) बदलतो आणि टायर खाण्यात कॅम्बरपेक्षा (चाकाच्या उभ्या कलापेक्षा) टोचा हात मोठा. टायर आतून-बाहेरून अजून तरी सारखेच झिजतायत.

आंबा घाटात फरक पहिल्याच वळणाला कळतो. गाडी एकदाच कलते आणि तिथेच टिकते, मधेच स्टीअरिंग सुधारावं लागत नाही. महामार्गावर ट्रक बाजूने गेला तरी हलत नाही. गावातल्या फुटलेल्या डांबरावर मात्र छोटे धक्के जास्त कळतात. आई मागे बसते आणि दर वेळी विचारते, ‘अरे, पैसे देऊन हे करून घेतलंस?’

गतिरोधकांचं म्हणाल तर भारतीय रोड काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. तसा भेटला तर भरलेली गाडीही टेकत नाही. पण तसा भेटायला नशीब लागतं. गल्लीत लोकांनी स्वतः घातलेल्या उंचवट्यांवर पाच जण असताना तिरकी गाडी घालावी लागते, आणि गणपतीत कोकणात डिकी भरून गेलो तेव्हा दोनदा सायलेन्सर घासला. पावसाळ्यात पाण्याखालच्या खड्ड्यांना मी आता आधीपेक्षा जास्त भितो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, ते आधी वाचा, आणि विमा कंपनीलाही विचारा. एस्टीमसारख्या गाडीला १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना तपासणी असतेच. मूळ स्प्रिंगा मी तेल लावून माळ्यावर ठेवल्यात.

पुन्हा करायचं झालं तर पुढच्या स्प्रिंगा अशाच घेईन. मागे मात्र ३० ऐवजी २० मिमीवरच थांबेन, सामानाची सोय म्हणून.