नऊ महिने, एक प्रोजेक्टर आणि गच्चीची भिंत: कोणता सिनेमा शोभला, कोणता नाही

गेल्या दिवाळीच्या तोंडावर साडेचौदा हजारांचा घरगुती प्रोजेक्टर घेतला. परभणीत आमच्या गच्चीवर जिन्याच्या खोलीची एक सरळ भिंत आहे. तिला पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात दिले आणि तोच पडदा ठरवला. नऊ महिन्यांत 58 सिनेमे झाले. हा आकडा आईचा आहे. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी ती सिनेमाचं नाव लिहून ठेवते. बघायला आज्जी (वय 82), आई, मी, बायको, नववीतली मुलगी, आणि शनिवार असला की गल्लीतले आठ-दहा जण.

आधी यंत्राचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. खोक्यावर छापलेल्या 9000 ल्युमेनला भुलू नका. दुकानदाराला ॲन्सी ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला उजेड, किती ते विचारा. माझ्याचे 400 आहेत, आणि गडद अंधार असेल तर तेवढे पुरतात. नऊ फुटांवरून 100 इंची चित्र पडतं. उन्हाळ्यात साडेसातच्या आत लावून उपयोग नाही.

पण या किमतीच्या यंत्राला काळा रंग जमत नाही. चित्रातला काळा भाग म्हणजे यंत्रानं प्रकाश टाकलेला नाही अशी भिंत, आणि आमची भिंत पांढरी. त्यामुळे रात्रीचे, काळोख्या खोल्यांतले प्रसंग राखेसारखे दिसतात. हल्लीचे बरेच सिनेमे मुद्दाम कमी उजेडात घेतलेले असतात. त्यातले चार-पाच आम्ही अर्ध्यावर बंद केले आणि नंतर खाली टीव्हीवर पाहिले. उलट, ज्या सिनेमांना जुने म्हणून मी आजवर मोबाईलवर पाच मिनिटं पाहून सोडून देत होतो, ते या भिंतीवर असे उभे राहिले की मला माझं मत बदलावं लागलं.

सुरुवात 'संत तुकाराम'पासून झाली. 1936 सालचा, प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांचा. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला सिनेमा एवढं माहीत होतं, आणि एकादशीला टीव्हीवर लागतो म्हणून तो देवादिकांचा असेल असं धरून चाललो होतो. भिंतीवर विष्णुपंत पागनीसांचा चेहरा पडदाभर झाला तेव्हा कळलं की हा माणूस अभिनय करतोय असं वाटतच नाही. तो गातो, आणि गाता गाता समोरच्याकडे बघतो. पण माझ्या मते सिनेमा गौरीबाईंचा आहे. त्यांची जिजाई म्हणजे घरात दाणा नाही, पोरं उपाशी आहेत आणि नवरा विठ्ठल विठ्ठल करतोय, त्या बाईचा खरा संताप. आमची आज्जी तिला मधूनच साथ देत होती, "बरोबर म्हणायलीय ती." त्यातलं 'आधी बीज एकले' तुकोबांचं नाही, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं आहे, हे मी सांगितलं तर शेजारचे भजनी मंडळातले काका मानायलाच तयार नव्हते. मंडळात ते अभंग म्हणूनच म्हणतात.

पुढच्या आठवड्यात 2012 चा 'तुकाराम' लावला, चंद्रकांत कुलकर्णींचा, जितेंद्र जोशींचा. कुलकर्णी आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या रंगभूमीवरून गेलेले, त्यामुळे जरा जास्तच आपुलकीनं पाहिला. यातला तुकाराम दुष्काळानं आतून हलवलेला माणूस आहे. ज्यांनी गावात टँकरच्या मागं घागर घेऊन पळणारी माणसं पाहिली आहेत, त्यांना तो दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. मुलीला हा जास्त आवडला, मला जुना. वाद अजून चालू आहे. तुम्ही दोन्ही पाठोपाठ बघा, दोन दिवस मधे ठेवून.

'कुंकू'ची शिफारस मात्र मी मुलींच्या आईबापांना आवर्जून करतो. 1937 साली शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याशी झालेलं लग्न ठाम नाकारते, आणि केशवराव दाते त्या म्हाताऱ्यालाही नुसता खलनायक होऊ देत नाहीत. या सिनेमात उगाच भरलेलं पार्श्वसंगीत नाही. भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके, भांडी, पावलं, एवढंच. प्रोजेक्टरच्या पोटातला बारका स्पीकर अशा सिनेमांना पुरतो, एकेक शब्द सुटा ऐकू येतो. नव्या सिनेमांत संवाद हळू आणि संगीत दणदणीत, तिथं आज्जी सारखी विचारते, "काय म्हणायलाय त्यो?" बाहेरचा स्पीकर जोडावाच लागतो. ब्लूटूथनं जोडलात तर ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. साधी दीडशे रुपयांची वायर घ्या.

सिनेमा संपल्यावर आज्जी म्हणाली, "मला तेराव्या वर्षी दिलं. कुणी विचारलंच नाही." मुलगी तिच्याजवळ सरकून बसली. त्या रात्री दुसरं काही लावलं नाही.

आईची निवड वेगळी. तिचं माहेर सोयगाव तालुक्यातलं, ना. धों. महानोरांच्या पळसखेड्याच्या बाजूचं. त्यामुळे 'जैत रे जैत' (1977) आमच्याकडं तीनदा झाला. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, गोष्ट गो. नी. दांडेकरांची, डोंगर कोकणपट्टीतला, आणि तिथल्या ठाकर आदिवासींच्या तोंडी आपल्या अजिंठ्याकडच्या कवीचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींत. ते उपरे वाटत नाहीत हे मला अजून नवल वाटतं. 'नभ उतरू आलं' कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोरालाच सुचावं. स्मिता पाटील या भिंतीवर पाहिल्या, एवढ्यानंच या यंत्राचे पैसे वसूल होतात. आईचा दुसरा लाडका 'पिंजरा'. श्रीराम लागूंचे गुरुजी घसरत जातात तो भाग जबरदस्त आहे, पण उत्तरार्ध मला ताणलेला वाटतो, आणि हे मी आईला तोंडावर सांगितलं आहे. तो रंगीत आहे, तेव्हा चित्राची सेटिंग 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा'वर आणा, नाहीतर सगळे चेहरे हळद लावल्यासारखे दिसतात.

संक्रांतीच्या सुमारास प्रोजेक्टर गावी नेला, जिंतूर तालुक्यात. मारुतीच्या पाराशेजारी शाळेची भिंत होती. लाईटचा भरवसा नव्हता म्हणून चुलत्यांनी घरचा इन्व्हर्टर बैलगाडीतून आणला. यंत्र शंभरेक वॉट खातं, त्यामुळे दोन सिनेमे आरामात निघाले. पहिला 'सामना', 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला. मला वाटलं होतं की दोन माणसांच्या बोलण्याचा सिनेमा, लोक उठून जातील. कुणी हललं नाही. निळू फुलेंचा साखर कारखानदार हिंदुराव नुसता बसून बघतो तेव्हा मागून आवाज आला, "आपल्याकडं बी हाय की असा." 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा त्यातल्या मास्तरांचा प्रश्न दुसऱ्या दिवशी पोरं गावभर ओरडत फिरत होती.

दुसरा 'फँड्री'. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा मी थिएटरात पाहिला होता. गावात पाहणं फार वेगळं. डुक्कर पकडताना राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, तिथं सुरुवातीला हसणारी पोरं गप्प झाली. पारावर बसलेले आणि लांब उकिरड्याच्या बाजूला उभे राहून बघणारे, दोन्हीकडं. जब्यानं, म्हणजे त्या कुटुंबातल्या पोरानं, शेवटी भिरकावलेला दगड भिंतीवरून थेट आपल्याकडं येतो. पुढच्या रांगेतल्या एका पोरानं हात आडवा धरला. हा सिनेमा उजेडातला आहे, उन्हातला आहे, म्हणून या यंत्रावर उत्तम दिसतो. पण मी तो सुचवतोय ते एवढ्यासाठी नाही. गावात चारचौघांत एकत्र बसून पाहावा असा गेल्या पंधरा वर्षांतला दुसरा मराठी सिनेमा मला सांगता येणार नाही.

आपल्या मराठवाडी बोलीचं म्हणाल तर 'पाणी' (2024). आदिनाथ कोठारेंनी नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रेंवर केलेला. पडद्यावर आपल्याकडची भाषा म्हटली की ती विनोदालाच हवी असते. इथं एक माणूस त्या भाषेत प्रेम करतो, पाण्यासाठी गावाची मनधरणी करतो. 'श्वास' आणि 'अशी ही बनवाबनवी' तुम्ही पाहिलेलेच असणार, त्यावर वेगळं लिहीत नाही. बनवाबनवी कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही भिंतीवर चालतो.

तक्रारी दोन. पाचव्या महिन्यात चित्राच्या मधोमध करडा डाग आला, आत धूळ शिरली होती. विकणाऱ्यानं यंत्र पुण्याला पाठवायला लावलं, 27 दिवस लागले आणि दीड महिन्यात डाग परत आला. दुसऱ्या वेळी गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं ब्लोअरनं साफ केलं, ते अजून ठीक आहे. दुसरी उन्हाची. मे महिन्यात गच्चीचा स्लॅब रात्री नऊपर्यंत धग सोडतो. खाली ठेवलं तर यंत्र तापून बंद पडतं. उंच लाकडी स्टुलावर ठेवा, पंख्याची बाजू मोकळी ठेवा. आता पावसाळ्यात किडे झोताकडं झेपावतात, त्याला माझ्याकडं उपाय नाही.

एका सेटिंगबद्दल सांगायचं राहिलं. मेनूत 'रिअर' म्हणून एक पर्याय असतो, पडद्याच्या मागून चित्र टाकायचं असेल तर ते आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं करणारा. तो कुणी वापरत असेल असं मला वाटलं नव्हतं. 'सांगत्ये ऐका' लावला त्या दिवशीची गोष्ट. 1959 चा, अनंत मानेंचा, पुण्याच्या विजयानंद थिएटरला 131 आठवडे चाललेला. आज्जीनं तो नव्या सुनेच्या काळात माळेगावच्या जत्रेत तंबूत पाहिला होता. जयश्री गडकर 'बुगडी माझी सांडली गं' वर नाचायला उभ्या राहिल्या आणि आज्जी म्हणाली, "ही ती नव्हं. तिचा पदर ह्या खांद्यावर व्हता." आणि उजव्या खांद्यावर हात ठेवला. थोड्या वेळानं उलगडा झाला. तंबूत पडदा मधोमध, बाप्ये समोर आणि बाया पडद्याच्या मागं. तिनं अख्खा सिनेमा मागून पाहिला होता, उलटा. पाट्यांवरची अक्षरं पण उलटीच, पण वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिला ते कधी कळलं नाही.

मी गाणं मागं नेलं, 'रिअर' दाबलं आणि परत लावलं. पदर उजव्या खांद्यावर आला. आज्जी पुढं सरकली, "हां, हीच."