लेबलावरचा नॅपकिन आणि ८,२६५ रुपये

वाईन बारमध्ये बाटली मागवलीत, तर ती टेबलावर, डोळ्यांसमोर उघडून घ्या. मी घेतली नाही आणि ८,२६५ रुपये घालवून बसले.

कॉलेजच्या आम्ही चौघी. एकजण नऊ वर्षांनी सिडनीहून आली होती, म्हणून शुक्रवारी बाणेरमध्ये, आमच्या सोसायटीपासून चालत सात मिनिटांवरच्या वाईन बारमध्ये बसलो. पार्टी माझी, हे मीच आधी सांगून ठेवलं होतं. मेनूत नाशिकची एक रेड वाईन १,६५० रुपये होती, दर करांसहित. वेटर म्हणाला, "मॅडम, तीच आहे, फक्त रिझर्व्ह. छान लागते." मी म्हटलं, "आणा." दर विचारला नाही. 'तीच आहे' म्हटल्यावर वेगळा दर असेल असं कुणाच्या मनात येईल?

बाटली आली ती लेबलाभोवती पांढरा नॅपकिन घट्ट गुंडाळून. बूच आधीच काढून अर्धवट परत खुपसलेलं, खालचं टोक ओलं, जांभळं. मी ते पाहिलं. विचारणार तोच मैत्रिणीने लेकीचे फोटो पुढे केले, आणि तेवढ्यात त्याने ग्लास भरलेसुद्धा. चार ग्लासांत बाटली संपली. ७५० मिलीत १५० मिलीचे पाच ग्लास बसतात, एवढा हिशेब मला येतो. आमचे ग्लास काही काठोकाठ भरलेले नव्हते. तरी मी दुसरी मागवली! अजून रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ते ओलं बूच डोळ्यांपुढे येतं.

बिल १४,०२२ रुपये. वाईन ४,९०० प्रमाणे दोन बाटल्या, ९,८००. खाणं २,३४०. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज १,२१४, आणि या सगळ्यावर, वाईन धरून, पाच टक्के जीएसटी. अहो, दारूवर जीएसटी लागतच नाही, राज्याचा व्हॅट लागतो! मेनूप्रमाणे ५,७५७ व्हायला हवे होते. मी सतरा वर्षं हिशेब तपासण्याचंच काम करते, पण नऊ वर्षांनी आलेल्या मैत्रिणीसमोर बिलावरून भांडायला जीभ रेटली नाही. कार्ड दिलं. बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकसुद्धा नव्हता, हे घरी आल्यावर दिसलं. तुम्ही तो पैसे देण्याआधी बघा. मेनूच्या पानाचा फोटोही ऑर्डर देतानाच काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी गेले तर मॅनेजरने नवीन मेनू पुढे केला, त्यात ती १,६५० वाली वाईनच नव्हती.

मग चौकी. तिथल्या साहेबांचा पहिला प्रश्न, "घरी माहितीये का, एवढ्या रात्री तुम्ही बायका प्यायला गेला होतात ते?" दुसरा, "पिण्याचं परमिट दाखवा." १९४९ चा दारूबंदी कायदा मला शिकवला, पण मला लुटणाऱ्याला साधा फोन केला नाही. 'हा दिवाणी मामला आहे' म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्या सरकारी कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा अर्ज दोन प्रतींत हवा, तिसऱ्यांदा 'हे आमच्याकडे येत नाही'. दोन अर्धे दिवस रजा गेली ती वेगळीच. तक्रार करणारीच गुन्हेगार असल्यासारखं बघायचं, ही कुठली पद्धत? पोच घेतल्याशिवाय कुठेही अर्ज देऊ नका.

सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच तसं सांगितलंय, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. तिथल्या तिथे काढायला लावा. नाही ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा.

मैत्रिणींना खरा आकडा मी अजून सांगितलेला नाही. परवा त्यांच्यातल्या एकीचा मेसेज आला, "पुढच्या महिन्यात परत तिथेच बसूया ना?" म्हणून आज हे लिहितेय, आणि पहिल्यांदा तिलाच पाठवणार आहे.