‘उद्या सकाळी येतो’ : अकरा महिने, चार प्लंबर

फ्रिज घेतला की सहा महिन्यांनी लोक अनुभव लिहितात. प्लंबरचा कोणी लिहीत नाही. गेल्या जुलैपासून या जूनपर्यंत एका न्हाणीघरासाठी मी चार प्लंबर वापरले, तर म्हटलं आपणच लिहावं.

आधी घराची माहिती. पुणे, कर्वेनगर, १९९३ सालची इमारत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. पाण्याचे पाइप जीआयचे, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचे, भिंतीत गाडलेले. गच्चीवर प्रत्येक घराचा वेगळा व्हॉल्व्ह आहे, पण आमचा इतका गंजलेला की तो फिरवायची कोणाची हिंमत नाही. जुलैत खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि म्हणाले, “तुमचं न्हाणीघर आमच्या न्हाणीघरात येतंय.” काका पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी छताखाली बादली ठेवली होती आणि एका वहीत तारीख, वेळ आणि मिनिटाला किती थेंब, असं लिहायला सुरुवात केली होती. मला तेव्हा हसू आलं होतं. पुढे त्या वहीनेच निम्मं काम केलं.

सोसायटीच्या सेक्रेटरींचं पहिलं मत, पावसाचं पाणी असेल. ते ऐकायला बरं वाटलं, कारण गच्चीची गळती, बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी आणि सामाईक पाइप हा सोसायटीचा खर्च. घरातल्या संडास-न्हाणीची गळती मात्र गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) सभासदाच्या खिशातून. काकांनी वही दाखवली: पाऊस नसलेल्या दिवशीही बावीस थेंब. विषय संपला, खिसा माझा.

पहिला प्लंबर सोसायटीचा नेहमीचा. तीन वेळा ‘उद्या सकाळी येतो’ म्हणाला आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी आला. नहाणी ट्रॅपकडे (फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडाकडे) एकदा बघितलं, जाळी उचलली, म्हणाला, “ताई, जॉइंट गेलाय. व्हाइट सिमेंट भरून देतो, तोडफोड नाही.” ‘तोडफोड नाही’ हे शब्द कानाला इतके गोड लागले की मी पुढे काही विचारलंच नाही. अर्धा तास, आठशे रुपये. दुसऱ्या दिवशी काकांची वही: एकवीस थेंब. म्हणजे आठशे रुपयांत एक थेंब कमी झाला. फोन केला तर म्हणाला, “सुकायला वेळ लागतो.” पुढच्या आठवड्यापासून फोन उचलणं बंद. त्याला माझ्या नाराजीने काहीच फरक पडत नव्हता. काम सेक्रेटरी आणून देणार, मी एक रुसलेली गिऱ्हाईक.

दुसरा ॲपवरून. कोणतं ॲप ते सांगत नाही, सगळ्यांची पद्धत थोडीफार सारखीच असावी. वेळेच्या बाबतीत पैकीच्या पैकी गुण: साडेदहाला सांगितलं, दहा पस्तीसला दारात. बुटांवर प्लास्टिकचं आवरण, हातात मोबाइलवर दरपत्रक. पण दरपत्रकात ‘गळती कुठून होते ते शोधणे’ अशी ओळच नव्हती. नळ बदलणे होतं, अँगल कॉक (भिंतीतून येणारं पाणी बंद करायची छोटी तोटी) बदलणे होतं, फ्लशची टाकी दुरुस्त करणे होतं. मग त्याने जे होतं ते केलं. गिझरचा आणि कमोडचा, दोन अँगल कॉक जुने झाले होते, ते बदलले. चौदाशे पन्नास रुपये, तीस दिवसांची हमी. थेंब बावीस. हमीखाली तक्रार केली तर वेगळाच मुलगा आला, अँगल कॉकला हात लावून म्हणाला, “मॅडम, हे तर गळत नाहीत.” खरंच गळत नव्हते. हमी कॉकची होती, काकांच्या छताची नव्हती. त्या मुलावर माझा राग नाही. वेळेवर येणं आणि काम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मात्र तिथे कळलं.

गणपतीत आम्ही पाच दिवस गुहागरला. घर बंद, न्हाणीघर कोरडं. परत आलो तर काका जिन्यातच उभे, वही उघडलेली. २२, २१, २२, २२, २१. पाच दिवस कोणी अंघोळ केली नाही तरी थेंब तेवढेच.

हे मी तिसऱ्याला सांगितलं होतं. तो प्लंबर नव्हता, ‘लीकेज तज्ज्ञ’ होता. कारमधून आला. त्याच्याकडे भिंतीला टेकवलं की वाजणारं एक यंत्र होतं. ते आमच्या न्हाणीघरात सगळीकडे वाजलं. काका म्हणाले, “ओल्या भिंतीला लावल्यावर वाजणारच. माझ्या जिभेला लावा, तिथेही वाजेल.” पाच दिवसांच्या कोड्यावर त्याचं उत्तर तयार होतं: “फरशीखाली कोबा असतो मॅडम, त्यात पाणी साठतं. ते निघायला आठ-दहा दिवस लागतात.” ही गोष्ट पूर्ण खोटी नाही, म्हणूनच ती पटली. संडास-न्हाणीचा स्लॅब खाली दाबलेला असतो, तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरतात, आणि तिथे मुरलेलं पाणी खरोखर बरेच दिवस झिरपतं. चौदा हजारांचा अंदाज, सात हजार आगाऊ. दोन मुलं आली, फरश्यांच्या सांध्यांत केमिकल भरलं, लेटरहेडवर पाच वर्षांची हमी दिली. उरलेले सात हजार मी दुसऱ्या दिवशी देऊनही टाकले, कारण साहेब फोनवर फार नम्र होते. पंधरा दिवसांनी थेंब बावीस आणि साहेब ‘साइटवर’.

इथे सगळ्यात मोठी चूक माझी, आणि ती पैसे देण्याची नव्हे. तिघांनाही मी दारातच सांगितलं होतं, “तोडफोड नको हं.” त्यांनी मला तेच विकलं जे मी मागितलं. न फोडता बरी होणारी गळती. चौदा हजारांची पावती आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली; पुढचा पाठपुरावा माझ्याकडूनच राहिला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही, तेव्हा तो रस्ता उघडा आहे. घरातले म्हणतात सोडून दे. मी अजून सोडलेलं नाही.

चौथा मिळाला तो हार्डवेअरच्या दुकानातून. प्लंबर शोधायला मी गेलेच नव्हते, बादलीची कडी आणायला गेले होते. दुकानदाराने विचारलं, मी पाढा वाचला, तो म्हणाला, “थांबा, सकाळी आठला तो इथेच असतो.” या ‘इथेच असतो’मध्ये सगळं आलं. तो रोज माल याच दुकानातून नेतो, उधारीवर नेतो, आणि गिऱ्हाईक बोंबलत दुकानात आलं तर पुढच्या वेळी पाइप रोखीने घ्यावा लागतो. पहिल्याला असं काही जपायचं नव्हतं. ॲपवाल्या मुलाला ॲपवरच्या रेटिंगच्या चांदण्या जपायच्या होत्या, त्या त्याने जपल्या.

हा ओडिशाचा, केंद्रापाडा जिल्ह्यातल्या पट्टामुंडईजवळचा. ते गावच प्लंबरांचं म्हणून देशभर प्रसिद्ध आहे, तिथे सरकारी प्लंबिंग संस्थासुद्धा आहे. तोही वेळेवर आला नाही, हे आधीच सांगते. ‘कल सुबह’ म्हणाला आणि परवा दुपारी आला. पण आल्यावर त्याने पिशवी खाली ठेवली आणि ती उघडली नाही. दारातच उभं राहून हिंदीत प्रश्न: गळती सतत आहे की अंघोळीनंतर? रात्री किती? घर बंद होतं तेव्हा? मी काकांना हाक मारली. काका वही घेऊन धावत वर आले. चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी ती वही मागितली होती.

त्याने पाच दिवसांच्या ओळीवर बोट ठेवलं. साठलेलं पाणी असतं तर बावीस, अठरा, बारा असं उतरत गेलं असतं. इथे पाचही दिवस तेवढंच, म्हणजे मागून दाब आहे. दाब पाण्याच्या लाइनला असतो, सांडपाण्याच्या पाइपला नाही. मग त्याने गिझरच्या आत जाणारा अँगल कॉक बंद केला (दुसऱ्या प्लंबरने बसवलेला नवा कॉक. जुना फिरतच नव्हता, तेव्हा ते पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत) आणि म्हणाला, आता दोन तास गरम पाणी नको, मोजत बसा. काकांना यापेक्षा मोठा मान आजवर कोणी दिला नसेल. दीड तासाने खालून आवाज आला: “सहा!” संध्याकाळी दोन. गळती गरम पाण्याच्या लाइनला, गिझर आणि मिक्सर (गरम-गार पाणी एकत्र करणारा नळ) यांच्या मधे.

तोडफोड झाली. दोन टाइल्स. आत एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा कोपऱ्याचा जोड होता, जीआयचा, आणि पान्हा लावताच तो बिस्किटासारखा तुटला. जीआयला जस्ताचा मुलामा असतो, तो गेला की आतून गंज चढतो. गरम पाण्याची लाइन बहुधा आधी जाते, आणि चुड्या (आटे) कापलेल्या जागी पाइपची जाडी कमी असल्याने पहिला घाव तिथेच. त्याने सांगितलं, एक एल्बो बदलून देतो, पण वर्षाभरात पुढचा जाईल. जुनी गरम लाइन दोन्हीकडून बंद करू आणि भिंतीवरून उघडी सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपची) नवी लाइन टाकू. दिसायला वाईट, पण गळली तर डोळ्यांना दिसेल. मी टाइल्सकडे बघितलं, काकांच्या छताकडे बघितलं आणि हो म्हणाले.

माल मीच आणला, त्याने कागदावर लिहून दिलेला: अर्ध्या इंचाचा सीपीव्हीसी, एल्बो, मिक्सरला जोडायला पितळी चुड्यांचे अडॅप्टर, टेफ्लॉन टेप. सांधे चिकटवायचं सोल्युशन सीपीव्हीसीचंच आण, पांढऱ्या पाइपचं चालत नाही, हे दोनदा बजावलं. पांढरा यूपीव्हीसी थंड पाण्यासाठी, गरमला हा पिवळसर. उरलेले दोन एल्बो आणि एक सॉकेट दुकानात परत गेलं, पैसे मिळाले. सांधे चिकटवल्यावर रात्रभर पाणी सोडू दिलं नाही. मजुरी, माल आणि दोन टाइल्सचा गवंडी धरून बासष्टशे रुपये. त्यातले पाचशे मी दोन दिवसांनी देते म्हटलं, तो म्हणाला, “आठ दिवसांनी द्या.” काकांकडे शून्याची ओळ आहे, तारीख दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारची. तुटलेला एल्बो त्यांनी मागून घेतला, त्यांच्या खिडकीत ठेवलेला असतो.

आता आठ महिन्यांच्या वापरानंतर. लाइन एकदा गळली, फेब्रुवारीत, मिक्सरच्या अडॅप्टरपाशी. दिसली लगेच, कारण भिंतीबाहेर होती. फोन केला, तिसऱ्या फोनला उचलला, दुसऱ्या दिवशी आला, टेप बदलली, पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. दिसणं? पाहुणे न्हाणीघरातून बाहेर येतात आणि काही बोलत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं.

त्याच्याबद्दल तक्रारीही आहेत. ‘कल सुबह’ हे त्याच्या बोलण्यात वेळ सांगत नाही, फक्त नाही म्हणत नाही. याचं कारण त्यानेच एकदा सांगितलं. त्याची खरी मजुरी बांधकामावरची असते, ठेकेदाराकडून, दिवसावर. आमचे नळ हे मधल्या फटीतलं काम. सकाळी सहा जणांना हो म्हणावं लागतं, कारण त्यातले तिघे दुपारपर्यंत दुसऱ्याला बोलावतात. मीही तसं केलेलं आहे, सांगायला लाज वाटते. आणि सहाशे मागितले की चारशे म्हणायची सवयही माझीच होती. तेव्हापासून मी एवढंच करते: सकाळी आठच्या आधी फोन, गळतीचा व्हिडिओ पाठवते, रविवारी बोलावत नाही, आणि काम छोटं असेल तर अजून एखादं काढून ठेवते, म्हणजे त्याची फेरी फुकट जात नाही. तो आता बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी येतो. पहिल्या दिवशी अजून एकदाही आलेला नाही.

नव्या माणसाला बोलवायची वेळ आलीच तर मी आता एकच गोष्ट बघते, तो पिशवी आधी उघडतो की तोंड. ‘तोडफोड नको’ हे मी दारात म्हणत नाही. आगाऊ पैसे मालाचे, तेही दुकानात मी स्वतः भरते. काढलेला जुना भाग माझ्याकडे ठेवते.

हे लिहायला आजच बसले, कारण स्वयंपाकघरातल्या सिंकचा कॉक कालपासून टपकतोय आणि आमचा चौथा गावाला गेलाय. जूनच्या मध्याला ओडिशात रज असते, तीन दिवसांचा सण, झोपाळे बांधतात. पुण्यातले तिकडचे प्लंबर तेव्हा मिळत नाहीत, हे मला यंदा कळलं. फोन पहिल्याच रिंगला उचलला, मागे लाउडस्पीकर. म्हणाला, “दीदी, पच्चीस को,” आणि तोवर सिंकखालचा कोणता कॉक किती फिरवायचा ते सांगितलं. फिरवलाय. उरलेल्या थेंबांखाली पातेलं ठेवलंय. काकांना सांगितलेलं नाही, वही काढतील.