बांधकाम व्यवस्थापनाच्या प्रॅक्टिकलला व्हीआर हेडसेट: काही महिन्यांच्या वापरानंतर

साईट व्हिजिटला विद्यार्थ्यांना बांधकामाचा एकच दिवस दिसतो. त्या दिवशी फूटिंग (पायाचं काम) चालू असेल तर फूटिंग, सळई बांधत असतील तर सळई. बांधकाम व्यवस्थापन हा विषय मात्र सगळा दिवसांचाच आहे. कशानंतर काय, मध्ये किती थांबायचं आणि त्या थांबण्याची किंमत कोण मोजणार. नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी हा विषय शिकवते आणि गेले काही महिने शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला आम्ही व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव दाखवणारे, डोळ्यांवर चढवायचे हेडसेट वापरतोय. त्याचा खरा फायदा मला विचाराल तर हाच: एकाच मजल्यावर वेगवेगळ्या तारखांना उभं राहता येतं.

वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाखालून आमची पोरं रोज जातात. ३.१४ किलोमीटर लांबीच्या या पुलाची २०२२ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली, हे सगळ्यांना पाठ आहे. पण तो उभा राहत होता तेव्हा ही पोरं शाळेत होती. त्यांनी पाहिलाय तो झालेला पूल.

आमची तयारी अशी: रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये चार मजली इमारतीचं त्रिमितीय मॉडेल, एमएस प्रोजेक्टमध्ये कामाचं वेळापत्रक, नॅव्हिसवर्क्स या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींची सांगड. मग एकेका टप्प्याचं मॉडेल वेगळं काढून युनिटीत (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकायचं आणि हेडसेटवर चढवायचं. हे वेळखाऊ काम आहे. संगणकावर सहज फिरणारं मॉडेल हेडसेटमध्ये अडखळतं, म्हणून प्रत्येक टप्प्यात दिसणार नाहीत त्या सळया आणि नटबोल्ट काढून टाकावे लागतात.

सगळ्यात रंगलेला धडा सेंट्रिंग, म्हणजे ओल्या काँक्रीटला पेलणारे साचे आणि टेकू, काढण्याचा. स्लॅब भरून आठ दिवस झालेत, अशा तारखेला विद्यार्थी उभा असतो. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू निघालेले, बीमखालचे तसेच. "मॅडम, सात दिवस तर झाले ना, मग हे टेकू काहून नाही काढले?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक गटात येतो. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकातला तक्ता यांनी परीक्षेत लिहिलेला असतो: असा स्लॅब ७ दिवस, त्याहून मोठा गाळा १४, सहा मीटरपर्यंतचा बीम १४, त्यापुढे २१. पण बीमखाली मान वर करून उभं राहिल्यावर तो तक्ता पहिल्यांदा डोक्यात शिरतो.

हेडसेटमधल्या साईट ऑफिसच्या भिंतीवर आम्ही एक फळा टांगलाय. त्यावर सिमेंटचा प्रकार आणि रात्रीचं तापमान. पहिल्या फेरीत तो बहुतेक कुणी वाचत नाही. फळ्यावर असतं पीपीसी (फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची राख, घातलेलं सिमेंट) आणि डिसेंबरातल्या रात्रीचं तापमान. तक्त्यातले दिवस साध्या, राख न घातलेल्या ओपीसी सिमेंटसाठी आहेत, तेही पारा १५ अंशांखाली जात नसेल तर. आपल्या कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेसारखी फ्लाय ॲश घातलेलं सिमेंट ताकद हळू धरतं, आणि डिसेंबरात नागपूरच्या रात्री १५ च्या खाली उतरतातच. मग तारखा पुढे सरकतात. एका मजल्याचं शटरिंग (साच्याचं सामान) अडकून पडतं, वरच्या मजल्यासाठी दुसरा सेट भाड्याने आणायचा की थांबायचं यावर गटात भांडण लागतं. मला तेच हवं असतं. त्यानंतर जिना उतरून खाली गेलं की वरच्या ओल्या काँक्रीटचा भार टेकूंमधून नेमक्या कुठल्या स्लॅबवर येतोय ते दिसतं. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढून सांगत आले, पण इतकी स्पष्ट कधीच सांगता आली नव्हती.

दुसरा चांगला धडा काळ्या मातीतल्या चराचा. दीड मीटरहून खोल चराला आधार हवा, काढलेली माती काठापासून लांब हवी, हे कागदावर बरोबर लिहिणारी पोरंही हेडसेट घालून आत गेल्यावर थेट मातीच्या ढिगाऱ्याशेजारी, काठावर जाऊन उभी राहतात. खऱ्या साईटवर असं काही मला घडू द्यायचंच नाही. इथे घडू देता येतं आणि त्यावर बोलता येतं.

माणसं मात्र यात नाहीत. रेडीमिक्सची गाडी दारात उभी असताना "कव्हर ब्लॉक बसवल्याशिवाय भरायचं नाही" (सळई साच्याला टेकू नये म्हणून खाली ठेवतात ते ठोकळे) हे वयाने दुप्पट असलेल्या मुकादमाला कसं सांगायचं, हे हेडसेट शिकवत नाही. सळईचं वजन नाही, मिक्सरचा आवाज नाही, उन्हात सुस्तावलेली टोळी नाही. म्हणून साईट व्हिजिट आम्ही बंद केलेली नाही, फक्त हेडसेटच्या नंतर ठेवली. आता पोरं तिथल्या इंजिनिअरला टेकूंच्या तारखा विचारतात.

त्रासाचंही सांगते. काहींना मळमळतं, कारण डोळ्यांना चाल दिसते आणि शरीर जागेवरच असतं. जॉयस्टिकने चालण्याऐवजी एका जागेवरून दुसरीकडे उडी घेण्याची सोय चालू ठेवा, प्रत्येकाची हेडसेट घालायची वेळ छोटी ठेवा, आणि नको म्हणणाऱ्याला जबरदस्ती करू नका. चष्मेवाल्यांसाठी स्पेसर (चष्म्याला जागा करून देणारी चौकट) लागतोच. एप्रिल-मे मध्ये कूलरच्या दमट हवेत आणि घामात भिंगं धुकटतात, चेहऱ्याची गादी प्रत्येकानंतर पुसावी लागते. खिडकीजवळ हेडसेट ठेवूच नका. भिंगातून ऊन आत गेलं तर पडद्यावर कायमचा डाग पडतो, आणि आपलं ऊन कसलं असतं ते सांगायला नको. बॅटरी साधारण एका प्रॅक्टिकलपुरती.

विभागाला घ्यायचे असतील तर दोन पुरेत. एकाने घालायचा, बाकीच्यांनी प्रोजेक्टरवर त्याला दिसतंय ते बघत त्याच्याशी वाद घालायचा. वर्गभर हेडसेट वाटले की सगळे गप्प होतात. वाचलेला पैसा मॉडेल बनवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मानधनावर घाला. आमच्याकडे सध्या त्यांच्याकडून पावसाळ्याचे टप्पे बनवून घेणं चालू आहे: पायाच्या खड्ड्यात पाणी भरलंय, पंप एकच आहे, आणि स्लॅबची तारीख तोंडावर आली आहे.