तीन अक्षरी डॉट कॉम दुसऱ्याकडे आहे: तक्रार, खटला की खरेदी?

ब्रँडचं नाव छोटं आहे, ट्रेडमार्कचं प्रमाणपत्र हातात आहे आणि नेमकं तेच डॉट कॉम दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघतं. "नाव आमचं, म्हणजे डोमेनही आमचंच," असं वाटणं स्वाभाविक आहे, पण गल्लत इथेच होते. ट्रेडमार्क ठरावीक माल आणि सेवांपुरता मिळतो. त्याच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ४५ वर्ग आहेत, त्यामुळे तीच अक्षरं वेगवेगळ्या धंद्यांत अनेकांना कायदेशीरपणे वापरता येतात. डॉट कॉम मात्र एकच असतं. रोमन लिपीतल्या तीन अक्षरांच्या जुळण्या होतात फक्त १७,५७६, आणि त्या सगळ्या केव्हाच नोंदल्या गेल्या आहेत.

म्हणून वकील गाठण्याआधी तारखा पाहा. तुमचा ट्रेडमार्क कधीचा आणि सध्याच्या मालकाने डोमेन कधी घेतलं? मूळ नोंदणी कितीही जुनी असो, मोजली जाते ती सध्याच्या मालकाकडे नाव आल्याची तारीख. दरवर्षीचं नूतनीकरण नवी नोंदणी धरत नाहीत. डोमेन तुमच्या ट्रेडमार्कच्या आधीचं असेल, तर तक्रारीचा रस्ता जवळजवळ बंदच समजा.

ती तक्रार म्हणजे यूडीआरपी, डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने १९९९मध्ये आणलेली वाद सोडवण्याची पद्धत. तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, आणि तिन्ही. डोमेन तुमच्या ट्रेडमार्कसारखंच किंवा गोंधळ होईल इतकं जवळचं आहे. मालकाचा त्यावर हक्क किंवा रास्त हितसंबंध नाही. आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदलं व वाईट हेतूनेच वापरलं. छोट्या नावांत पहिली पायरी सहज पार होते. अडतं ते दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर. तीन अक्षरं कुणाच्याही नावाची आद्याक्षरं असू शकतात, आणि अशी नावं विक्रीसाठी साठवणं हा स्वतःहून गुन्हा नाही, असं या तक्रारींचा निकाल देणारी तज्ज्ञांची पॅनेल मानत आली आहेत. मालकाची नजर तुमच्याच ब्रँडवर होती हे दाखवावं लागतं: त्या पानावर तुमच्याच धंद्याच्या जाहिराती, तुमच्या नावाने पाठवलेल्या फसव्या मेल, तुमच्या स्पर्धकाला देऊ केलेली विक्री. असा पुरावा असेल तर यूडीआरपीसारखं दुसरं साधन नाही. अशा तक्रारी चालवणाऱ्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एकसदस्यीय पॅनेलची फी १,५०० डॉलर आहे, उत्तराला २० दिवस मिळतात आणि निकाल साधारण दोन महिन्यांत लागतो. मालकाने तीन सदस्य मागितले तर फी ४,००० डॉलर होते आणि दोघांत निम्मी वाटली जाते. मिळतं मात्र फक्त डोमेन, भरपाई नाही.

भरपाई हवी असेल तर कोर्ट. अमेरिकेच्या १९९९च्या सायबरस्क्वॉटिंगविरोधी कायद्यात प्रत्येक डोमेनमागे १,००० ते १,००,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकते. तिथे नोंदणी, वापर किंवा खरेदी-विक्री यांपैकी एकात वाईट हेतू पुरतो. यूडीआरपीसारखा नोंदणी आणि वापर दोन्हींत लागत नाही. पण वेळ आणि वकिलाचा खर्च हिशेबात धराच. निसान डॉट कॉम उझी निसान यांनी १९९४मध्ये स्वतःच्या आडनावावरून आणि संगणकाच्या व्यवसायासाठी घेतलं होतं. मोटार कंपनीने १९९९मध्ये दावा लावला, तो वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी डोमेन उझी निसान यांच्याकडेच राहिलं. इतक्या प्रसिद्ध ट्रेडमार्कवाल्याला जिथे ते मिळालं नाही, तिथे तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या ब्रँडने काय अपेक्षा ठेवावी?

तिसरा रस्ता खरेदीचा. तो महाग असतो, पण मालक प्रामाणिक असेल तर हाच खरा रस्ता आहे, असं माझं ठाम मत आहे. इथे क्रम सांभाळा. आधी किंमत विचारायची, ती परवडली नाही की तक्रारीची धमकी द्यायची, हा प्रकार पॅनेल ओळखतात. आपला हक्क नाही हे माहीत असून केलेल्या तक्रारीवर रिव्हर्स डोमेन नेम हायजॅकिंगचा, म्हणजे तक्रारीच्या आडून दुसऱ्याचं डोमेन बळकावू पाहिल्याचा, शेरा बसतो. दंड होत नाही, पण तो निकाल तुमच्या नावासकट कायम जाहीर राहतो. शिवाय मालकाने मोठी किंमत सांगणं हा वाईट हेतूचा पुरावा नाही. त्याने ते नाव तुमच्या ट्रेडमार्कमुळेच घेतलं असेल तरच त्या किमतीला अर्थ येतो.

डॉट कॉमऐवजी नव्या एक्स्टेन्शनवरच्या (डॉट शॉपसारख्या शेवटाच्या) नावांसाठी यूआरएस नावाची स्वस्त, झटपट सोय आहे, पण तिथे डोमेन फक्त निलंबित होतं, तुमच्या हाती येत नाही. नाव वापरायचं असेल तर तिचा उपयोग नाही.

खरेदीचं ठरलं तर पहिला मेल साधा ठेवा: नाव विकायचं आहे का, किती. त्यात ट्रेडमार्कचा उल्लेख नको. पैसे एस्क्रोमार्फतच, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत रक्कम सांभाळणाऱ्या मध्यस्थामार्फतच द्या, आणि डोमेन तुमच्या रजिस्ट्रारकडच्या (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडच्या) खात्यात आल्याचं स्वतः पाहिल्याशिवाय ते मोकळे करू नका.